तुतोंगसाठी हाड

तुतोंगचा खालचा जबडा नळीच्या कड्यात अडकला, तेव्हा मी हंड्यावरचा फेस काढत होते. आधी वाटलं, खेळतोय. कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू, त्याला मागे मागे चालायला काय कारण लागतं? पण तो मागे सरकत सरकत बादलीवर आदळला, बादली कलंडली, आणि त्याने तोंड वर करून असा काही आवाज काढला की टेबलावरची चारही गिऱ्हाइकं चमचे टाकून उभी राहिली. जवळ जाऊन बघते तर काय, खालच्या सुळ्यांच्या मागे, हनुवटीला बांगडी चढवावी तसं हाडाचं कडं घट्ट बसलेलं. सहा तास उकळलेलं, पांढरंशुभ्र, मगज चोखून रिकामं झालेलं. माझ्याच दुकानातलं, सकाळी माझ्याच हातांनी टाकलेलं. लिपा गावात एकतीस वर्षं बुलालो, म्हणजे नळ्यांचं सूप, विकतेय मी. बैलाच्या पायाच्या नळ्या, मक्याची कणसं, कोबी आणि मिरी, एवढंच तर असतं त्यात. पण हमरस्त्याने जाणारी माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, आलिंग लुदीचा, म्हणजे माझा, हंडा विसरणार नाहीत. आणि एकतीस वर्षांत एक हाड मी वाया घालवलेलं नाही. मगज माणसांचा, उरलेलं कुत्र्यांचं. आमच्याकडे ताटाच्या कडेला हाड सरकवताना प्रत्येकजण म्हणतोच, ‘कुत्र्यासाठी.’ लग्न असो, बारसं असो, निघताना यजमानीण पिशवीत हाडं बांधून हातात ठेवते, ‘तुमच्या कुत्र्यासाठी,’ आणि न घेणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात. तेव्हा त्या सकाळी मी काही जगावेगळं केलं नव्हतं. हे मला त्याला छातीशी धरून रिक्षात बसेपर्यंत पक्कं ठाऊक होतं.

जनावरांची डॉक्टर शेरिलिन माझी मुलगी शोभेल अशा वयाची. तिने कड्याखाली खोबरेल तेल चोळलं, जबडा मिटवला, कडं हळूहळू फिरवत सुळ्यांवरून बाहेर काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. तुतोंगने लगेच त्याच्यावर झडप घातली, इतका शहाणा! मी हसले. ती हसली नाही. आईला म्हणावं तसं म्हणाली, “नानाय, हे शिजवलेलं आहे?” मी म्हटलं, “मग काय कच्चं देऊ? मी काय राक्षसीण आहे?” तर ती पोरगी माझ्यापुढे बसली आणि मला, लुदिविना मागसिनोला, हाडं शिकवायला लागली. शिजवलं की हाडातला चिवटपणा जातो, ते ठिसूळ होतं, फुटलं की त्याला सुईसारखी टोकं येतात. कोंबडीचं सगळ्यात वाईट. घसा फाडतं, आतडं फाडतं. “कडं नको, करवतीने कापलेलं नको, पायाची भक्कम नळी नको, त्याने दात मोडतो. द्यायचंच तर कच्चं, त्याच्या डोक्यापेक्षा मोठं, सांध्याचं, कुर्चेचं. अंगठ्याचं नख दाबून बघा. नखाची खूण उठली तर ठीक, नाही उठली तर ते दातांचा जीव घेणार. आणि समोर बसून. पंधरा मिनिटं. मग काढून घ्यायचं.” मी म्हटलं, “बाई, माझा आधीचा कुत्रा सात वर्षं उकळलेली हाडं खाऊन वाघासारखा जगला.” “मग गेला कशाने?” “विषाने. शेजाऱ्याने घातलं.” तिने सहज विचारावं तसं विचारलं, कसा गेला, आणि मी सांगत गेले. पाठ कमानीसारखी झाली, पोटाला हात लावू देईना, उलट्या, मग रक्त, दोन दिवस. सण होता, सान सेबास्तियानचा. डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं. “उलटीत काही दिसलं होतं?” मी म्हटलं, “नाही.” ती उठून हात धुवायला गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धुवत राहिली.

दिसलं होतं. परतताना रिक्षात तुतोंग माझी बोटं चावत होता आणि मला ते लख्ख दिसत होतं, तीन वर्षांत एकदाही दिसलं नाही इतकं. फिकट पिवळ्या फेसात बोटाच्या पेराएवढी काडी, एका बाजूला तिरकी तुटलेली, टोक असं की शिवायला घ्यावं. मी ती केळीच्या पानात गुंडाळली आणि उकिरड्यावर टाकली. हेनेरल तेव्हा अंगणात शेवग्याखाली पडला होता. हेनेरल, म्हणजे सेनापती, हे त्याचं नाव एस्तेबानने ठेवलेलं, माझ्या नवऱ्याने. चालायचाच तसा, सैन्य मागून येतंय अशा ऐटीत. एस्तेबान जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि त्या घरात रात्री माझ्याशिवाय श्वास घेणारं दुसरं कोण होतं? सणाच्या दिवशी सगळ्या गल्लीने पिशव्या आणल्या, विधवेच्या कुत्र्यासाठी, तळलेल्या कोंबडीची हाडं, डुकराच्या फासळ्या, अदोबोच्या रश्श्यातली हाडं. मी दिवसभर चारत राहिले. तो खात होता म्हणून मला बरं वाटत होतं, किती दिवसांनी बरं वाटत होतं. ती काडी मी पाहिली, आणि पाहिलीच नाही. कारण त्याच आठवड्यात शेजारच्या तासियोने, बाजारातल्या खाटकाने, भिंतीवरून ओरडून म्हटलेलं होतं, “तुझा सेनापती आज पुन्हा माझी कलेजी पळवून गेला! एक दिवस उंदराचं औषधच घालतो त्याला!” असं कोण म्हणत नाही? मी स्वतः हंड्यावर बसणाऱ्या मांजराला रोज म्हणते. पण माणसाला दुःख झालं की त्याला एक तोंड लागतं, ज्याच्यावर थुंकता येईल. रविवारी प्रार्थना संपली, सगळं गाव पायऱ्यांवर उतरत होतं, तासियो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होता, आणि मी चर्चच्या दारात उभी राहून ओरडले, “खुनी! विष घातलंस! ज्या हातांनी संताची पालखी उचललीस त्याच हातांनी!” तो काहीच बोलला नाही. पांढराफटक पडला आणि निघून गेला. न बोलणं म्हणजे कबुलीच, असं मी तेव्हा म्हटलं आणि गावानेही म्हटलं. पुढच्या वर्षी त्याने पालखीला खांदा दिला नाही. आणि विष घालणाऱ्या खाटकाकडून मांस कोण घेईल? वर्षभरात त्याचा गाळा पुढच्या रांगेतून मागे गेला, मासळीच्या गटाराशेजारी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि चोर तर रोज सकाळी आरशात केस विंचरत होती.

आता सरळ उठून त्याच्याकडे जावं की नाही? नाही गेले. माणूस फार हुशार प्राणी असतो, चुकीची कबुली सोडून बाकी सगळं करून बघतो. मी आठ दिवस तुतोंगसाठी चघळायला दुसरं काही शोधत बसले. दात येत होते त्याला, हिरड्या शिवशिवत होत्या, बाकाचा पाय खाऊन झाला, माझी डाव्या पायाची चप्पल झाली, एस्तेबानच्या खुर्चीचा वेत उसवून झाला. रेड्याच्या वाळलेल्या कातड्याची गाठ आणली. ती तोंडात भिजून फुगली आणि तिचा लगदा त्याने न चावता गिळायला घेतला, मी बोट घालून तो बाहेर ओढला. नारळाची सोडणं दिली, त्याचे धागे दिवसभर खोकत राहिला. ओलं फडकं पिळून बर्फात घट्ट करून दिलं, ते आवडलं, पण वितळेपर्यंतच. गाजर गोठवून दिलं, ते त्याने माझ्याकडे असं बघत खाल्लं की जणू मी त्याचा अपमान केलाय. मग बाजारात नेनिताकडे गेले, तीन वर्षं माझ्या हंड्याच्या नळ्या तिच्याकडूनच येतात. म्हटलं, सांधा हवाय, कच्चा, अख्खा. ती म्हणाली, “आलिंग लुदी, इथे सगळं विजेच्या करवतीवर. सांधा हवा तर दोन तुकडे करून देते.” करवतीच्या कडेवरून मी बोट फिरवलं, पातळ पापुद्रे हाताला लागले. “अख्खा सांधा सुरीने सोडवणारा आता एकच माणूस उरलाय या बाजारात,” नेनिता म्हणाली आणि मग जीभ चावून भाव सांगायला लागली. मला नाव विचारायची गरज नव्हती. तरुणपणी मी त्याचं काम बघत उभी राहायची, हंडा चुलीवर असताना. तो हाड कधी तोडत नसे. सुरीचं टोक सांध्यात शिरायचं, एक वळण, आणि गुडघा आपण होऊन सुटायचा, ना आवाज ना चुरा. घरी येताना मी स्वतःला बजावलं, तुतोंगला हाडाशिवायही जगता येईल. खरंच जगता येतं. डॉक्टरही तेच म्हणाली होती. पण त्या दुपारी दुकानात परतले तर तुतोंग टेबलाखाली, आणि कुणा भल्या गिऱ्हाइकाने प्रेमाने टाकलेलं कोंबडीच्या तंगडीचं हाड त्याच्या दाढेत. कडकन आवाज आला. मी झेप घेतली, जबडा उघडला, तुकडे काढले, मोजून, जुळवून, टेबलावर मांडून बघितले की हाड पूर्ण होतंय का. एक तुकडा कमी होता. तो माझ्या पदराला, म्हणजे ॲप्रनला चिकटलेला सापडेपर्यंत मी जमिनीवर बसून होते, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, “नानाय, मी तर त्याच्यासाठीच...” त्याचा काय दोष? मी त्याला कधी सांगितलं होतं? मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की हेनेरल विषाने मेला, म्हणून सगळं गाव निर्धास्तपणे हाडं टाकत होतं. माझं खोटं अजून हाडं चारत होतं. तो विचार आला आणि माझ्या डोक्यातली सगळी टाळाटाळ एका क्षणात संपली. ॲप्रनसकट उठले, तुतोंगला टोपलीत घातलं, हंड्याखालचा जाळ बंद केला. एकतीस वर्षांत भरदिवसा पहिल्यांदाच.

मागच्या रांगेत पाय घातला तर मासळीवाल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. तासियो फळीवर पाणी मारत होता. वाळला होता. तीन वर्षं भिंतीपलीकडे राहतो आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला बघून त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, “काय हवंय, आलिंग लुदी? मांस साधं की विषासकट?” लागलं. लागायलाच हवं होतं. वाटेत मी छान वाक्यं जुळवली होती, हळू आवाजातली, शेजाऱ्याशी बोलावीत अशी. ती सगळी मी सोडून दिली, कारण मला एकदम कळलं की जे चर्चच्या दारात ओरडून सांगितलं ते कानात कुजबुजून परत घेता येत नाही. मी तुतोंगची टोपली त्याच्या फळीवर ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि हमरस्त्यावरून गिऱ्हाईक बोलावते त्या आवाजात म्हटलं, “ऐका गं सगळ्यांनो! ए कोळंबीवाली, तो पंखा बंद कर! माझा हेनेरल विषाने मेला नाही! याने विष घातलं नाही! हाडाने मेला, शिजवलेल्या हाडाने, आणि ते मी चारलं, या हातांनी! उलटीत काडी पाहिली होती मी! पाहिली आणि लपवली, आणि या माणसाला खुनी म्हटलं! खोटं बोलले! मी, लुदिविना मागसिनो, खोटं बोलले!” तासियो गोंधळून फळीमागून बाहेर आला. “अगं हळू, हळू बाई! मासे उठून बसतील!” मी म्हटलं, “बसू देत! त्यांनाही ऐकू दे!” आणि पुढच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला नाही. तीन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालतं झालं, आणि काय सांगू, रडू यायच्या जागी मला भूक लागली.

कोळंबीवाली पहिली हसली. मग कुणीतरी टाळी वाजवली, मागून एक म्हातारा ओरडला, “तासियोभाऊ, आता तरी एक किलो दे रे, बायको तीन वर्षं येऊ देत नव्हती!” पण तासियो हसत नव्हता. तो टोपलीच्या कडेवर हात ठेवून उभा होता आणि तुतोंग त्याच्या बोटांचा वास घेत होता. हळूच म्हणाला, “लुदी, त्या दिवशी मीही एक पिशवी दिली होती. भिंतीवरून. तुझा हेनेरल शेवग्याखाली होता. कलेजीवरून मी त्याला बोललो होतो ना, तर सणाच्या दिवशी मन राहवेना. कोंबडीची हाडं. मग तो गेला, आणि मला वाटलं, माझ्यातच काही नासकं गेलं असेल. म्हणून तर चर्चच्या पायरीवर तोंड उघडलं नाही. काय उघडू? तू विष म्हणत होतीस ते खोटं होतं, पण मला आतून वाटत होतं, कदाचित मीच.” तीन वर्षं. भिंतीच्या या बाजूला मी खोटं सांभाळत होते आणि त्या बाजूला हा माझं पाप आपलं समजून जपत होता. मी त्याचं मनगट धरलं, रक्ताने माखलेलं, आणि म्हटलं, “गाढवा, पिशव्या सतरा होत्या. चारल्या मी. तुझ्या वाट्याला यातलं काही येत नाही, समजलं? हात लावू नकोस त्याला, ते माझं आहे.” त्याने दुसऱ्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले आणि एकदम खाटकाच्या आवाजात म्हणाला, “बरं. मग हाड कसलं हवंय?”

आणि मग आम्ही हाड निवडलं. लग्नाचा झगा निवडावा तसं, सगळा बाजार भोवती. “हे?” “कडं आहे, नको.” “हे?” “नळी आहे, दात जाईल.” “अगं हे तर बघ, मऊ आहे.” “मऊ आहे पण एवढंसं, गिळेल.” “तू बुलालो विकतेस की परीक्षा घेतेस?” मासळीवाल्याही मध्ये तोंड घालायला लागल्या, प्रत्येकीचा कुणी ना कुणी कुत्रा कशाने ना कशाने गेलेला होता, आणि आज पहिल्यांदाच त्या नखं दाबून हाडं बघत होत्या. शेवटी तासियोने आकडीवरून वासराचा मागचा पाय उतरवला. सुरीचं टोक शिरलं, एक वळण, आणि गुडघा सुटला. मोठा, गुळगुळीत, वर दुधाळ कुर्चा, तुतोंगच्या डोक्याच्या दीडपट. मी अंगठ्याचं नख रोवलं. चंद्रकोर उठली. “बघ,” मी म्हटलं. तासियोने आपलंही नख रोवलं, माझ्या खुणेशेजारी. “आणि हे घे,” म्हणत त्याने पोटरीमागची जाड पांढरी शीर काढून दिली, “तीन दिवस उन्हात वाळव. वाकते, तुटत नाही. आठवडाभर पुरेल त्या राक्षसाला.” “राक्षस नाही, तुतोंग,” मी म्हटलं. “तुतोंग? भाताची खरवड?” “भांड्याच्या बुडासारखा दिसतो म्हणून.” तासियो तेव्हा हसला, आणि त्याचा पुढचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानात आल्यावर पहिलं काम पाटीचं केलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कुत्र्याला हाड टाकाल तर बिल दुप्पट. शिजवलेलं हाड कुत्र्याला मारतं. माझ्या कुत्र्याला मारलंय.’ खाली सही ठोकली. मग दुकानामागच्या घराच्या परसात चटई टाकली, तुतोंगला बसवलं, समोर मी. त्याने सांध्याभोवती एक फेरी मारली, भुंकला, मागे पळाला, परत आला, आणि मग दोन्ही पुढच्या पायांत तो गुडघा धरून असा लागला कामाला की कान हलायचे थांबले. फक्त घासल्याचा आवाज, मधून समाधानाचा एक हुंकार. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. पंधरा मिनिटं म्हणजे केवढी असतात! एवढा वेळ एका जागी बसून मी एस्तेबानच्या तोंडाकडेही कधी बघितलं नव्हतं, हंडा नेहमी मध्ये असायचा. आणि बघता बघता मला कळलं की मी भीत नाहीये. हेनेरलला मी प्रेमाने चारलं, आंधळेपणाने चारलं. याला मी बघून चारतेय. प्रेम तेवढंच आहे, कमी नाही. फक्त आता त्याला डोळे आहेत.

वेळ झाली. भाताचा गोळा पुढे केला आणि म्हटलं, “सोड.” त्याने माझ्याकडे बघितलं, हाडाकडे बघितलं, आणि सोडलं! चार महिन्यांच्या पोराने! मी हाड उचललं, धुवायला म्हणून उलटं केलं, तर कुर्चेत, आमच्या दोन नखांच्या खुणांपासून बोटभर अंतरावर, काहीतरी पांढरं रुतलेलं. तुकडा! फुटलं! घाईघाईने त्याचं तोंड उघडलं, बोटाने हिरडी चाचपली, आणि बोट थांबलं. खालच्या बाजूला इवलीशी लाल खाच होती, आणि खाचेत, मुळाशी, नव्या दाताचं कोवळं टोक, करकरीत, अख्खं. हाडात रुतला होता तो दुधाचा दात. तांदळाच्या दाण्याएवढा.

“तासियो!” मी भिंतीवर चढून ओरडले, बासष्टाव्या वर्षी, ॲप्रन लावून. “तासियो, पडला! दात पडला!” तो नुकताच बाजारातून आला होता, बनियनवर बाहेर आला, आणि मी तळहात पुढे केला. त्याने दात चिमटीत धरून बघितला आणि माझ्या हातावर परत ठेवला. मग तो म्हणाला, “मग छपरावर टाक की. लेकरांचा टाकतात तसा. उंदराला दे, म्हणजे नवा पोलादाचा येईल.” मी म्हटलं, “कुत्र्याचा दात उंदीर घेईल होय रे?” “तुझ्या कुत्र्याचा? नाही म्हणायची हिंमत आहे त्याची?” मी हात मागे नेला आणि एकतीस वर्षं पळी फिरवलेल्या हाताने असा फेकला की माझं छप्पर राहिलं बाजूला आणि तो तासियोच्या पत्र्यावर टणकन वाजला. तुतोंग भुंकायला लागला. “अगं, माझ्या छपरावर गेला!” तासियो ओरडला. “मग तुझ्या उंदरांना सांग,” मी म्हटलं, “त्यात काय, भिंत असली तरी घर एकच आहे!” आणि जेवायला ये म्हणून सांगितलं, आत्ताच्या आत्ता, हंड्याखालचा जाळ मी पुन्हा पेटवतेय.